मॉलिब्डेनम डायसल्फाइडची शाई छापली, पण ट्रान्झिस्टर गेटला दाद देत नाही

नवी_शाई: मॉलिब्डेनम डायसल्फाइडची (थरांचा बनलेला अर्धवाहक) पूड एनएमपी या द्रावकात घालून प्रोब सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी थर सुटे करणारं यंत्र) ८ तास ठेवली, सेंट्रिफ्यूज करून वरचा गडद हिरवा द्रव घेतला. छापलेला थर छान एकसारखा दिसतो. पण गेट (प्रवाह चालू-बंद करणारं टोक) -४० ते +४० व्होल्ट फिरवलं तरी प्रवाह ढिम्म हलत नाही. सोनिकेशनचे तास वाढवू का?

थरावर_थर: मुळीच नको! मी १२ तासांवर गेलो होतो, हाती फक्त चुरा लागला. सोनिकेशन थर सुटे करतं तसंच त्यांना आडवं तोडतंही. उरतात ते १००-२०० नॅनोमीटरचे, जाडसर, ताठ तुकडे. ते खडीसारखे रचले जातात, कोपऱ्याला कोपरा टेकतो आणि प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रॉन अडखळतो.

मग मी थरांमध्ये लिथियम घुसवणाऱ्या ब्युटिल लिथियमकडे वळलो. थर एकेरी सुटले, मी खूश. पण लिथियम इतके इलेक्ट्रॉन आत ढकलतं की अणूंची अर्धवाहक रचना (२एच) धातूसारखी (१टी) होते. तुमचा ट्रान्झिस्टर चालू होत नाही, माझा बंद होईना! ३०० अंशांवर तापवून बरीच रचना परत आली, सगळी नाही.

शेवटी टेट्राहेप्टिलअमोनियम ब्रोमाइड या क्षाराने जमलं. ही पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा स्फटिक कॅथोडला (ऋण टोकाला), समोर ग्रॅफाइटची कांडी, द्रावक ॲसिटोनायट्राइल. आयन अगडबंब असल्यामुळे थोडेच आत शिरतात, म्हणून २एच टिकते. स्फटिक फुगतो, आणि मग पीव्हीपी (एक पॉलिमर) घातलेल्या डीएमएफ द्रावकात हलकं सोनिकेशन पुरतं. पातळ, रुंद पत्रे ओल्या पानांसारखे एकमेकांवर सपाट बसतात. पीव्हीपी मात्र कंटाळा येईपर्यंत धुवा.

नवी_शाई: म्हणजे माझी पूड वापरता येणार नाही?

थरावर_थर: कण विजेच्या संपर्कात राहत नाहीत. क्लिपमध्ये धरता येईल असा अख्खा तुकडाच हवा.

नोझल_तुंबलं: एक पाचर मारतो. इंकजेटला कण नोझलच्या साधारण पन्नासाव्या भागाहून लहान लागतात. २१ मायक्रॉनचं नोझल म्हणजे जेमतेम ४०० नॅनोमीटर. थरावर_थर दादांचे पत्रे एक-दोन मायक्रॉनचे असतील, तर माझ्या नावाकडे बघा.

थरावर_थर: खरंय, म्हणून मी स्पिन कोटिंग (गरगर फिरवून शाई पसरवणं) करतो. छापायचंच असेल तर इलेक्ट्रोड इंकजेटने छापा, अर्धवाहक थर स्पिनने द्या.