अग्न्याशय की स्वादुपिंड? इंदूरच्या मराठी घरात कुठला शब्द चालवायचा?

रामबागवाला
गेल्या महिन्यात आत्या पोटदुखीने इथल्याच एका दवाखान्यात चार दिवस होती. घरी सोडताना कागदावर हिंदीत लिहून दिलं, 'अग्न्याशय में सूजन'. तोंडी कुणी धड समजावलं नाही. आईने कागद वाचला आणि निकाल दिला: अग्नी म्हणजे जठराग्नी, म्हणजे ॲसिडिटी. झालं! सकाळ-संध्याकाळ थंड दूध, वर बोटभर साय. तिसऱ्या दिवशी आत्या पुन्हा कळवळली, कळ थेट पाठीत. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न केला, "मलाई किसने खिलाई?" अग्न्याशय म्हणजे आपलं स्वादुपिंड, इंग्रजीत पॅनक्रियाज, आणि त्याला सूज असताना तेल-तूप-साय जपून द्यायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. माझं म्हणणं, मराठी घरांनी स्वादुपिंड हाच शब्द धरून ठेवावा. अग्न्याशय फसवतो.

स्नेहलतागंजची सून
दादा, शब्दाला कशाला बोल लावता? स्वादुपिंड लिहिलं असतं तर काकूंना काय कळलं असतं? माझ्या सासूबाई सत्तर वर्षं इंदुरात, शाळा सगळी हिंदीत. त्यांना आत्ता विचारलं, तर म्हणाल्या, "जिभेखाली असतं ना ते, चव कळायला?" अग्न्याशय निदान पचनाशी नातं तरी सांगतो. 'स्वादु' काय सांगतो?

रामबागवाला
'आशय' बघा ना वहिनी. आमाशय, मूत्राशय, पित्ताशय, गर्भाशय. सगळ्या पोकळ पिशव्या. आणि हे? जठराच्या मागे आडवी पडलेली भरीव ग्रंथी, 15 सेंटीमीटरच्या आसपास. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, शेपूट प्लीहेकडे. ती रस तयार करते आणि आतड्यात सोडते, पिशवीत भरून ठेवत नाही. मराठीत पिंड म्हणजे गोळा. म्हणून मूत्रपिंड वेगळं, मूत्राशय वेगळं, कुणाचा घोळ होत नाही. आईला 'आशय' दिसला आणि ती सरळ पोटात शिरली.

लष्करचा वैद्य, ग्वाल्हेर
'आशय'चा मुद्दा बिनतोड आहे. आणखी एक भर घालतो. अग्न्याशय हे नाव प्राचीन म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. चरकाने अग्नीचं अधिष्ठान सांगितलं ते ग्रहणी, आणि आज तिचा अर्थ बहुधा लहान आतड्याची सुरुवात असा लावतात. हिंदीत क्लोमही म्हणतात, पण जुन्या ग्रंथातलं क्लोम नक्की कुठला अवयव, यावरच एकमत नाही. तरीही मी रोग्याला अग्न्याशयच सांगतो. समोरचा हिंदी बोलतो, औषधाच्या दुकानात हिंदी बोलणार. तुमच्या व्युत्पत्तीने त्याचं दुखणं थांबत नाही.

बडोद्याचा भाचा
आमच्याकडे हे भांडणच नाही. गुजरातीतही स्वादुपिंडच. आमची आजी आणि शेजारच्या बा एकाच शब्दावर गप्पा मारतात. अर्थाचं म्हणाल, तर पॅनक्रियाज ग्रीक आहे: 'सगळं मांस', म्हणजे हाड नाही, कूर्चा नाही. इंग्रजीत खाण्याच्या या तुकड्याला स्वीटब्रेड म्हणतात. आपलं 'स्वादु' तिकडून आलं असावं असा माझा अंदाज. एक नाव खाटकाचं, एक खवय्याचं! काम काय करतं ते दोघांनाही विचारू नका.

रात्रपाळीची सिस्टर
मी इंदुरातच वॉर्डात आहे. 16 ऑक्टोबर 2022 ला भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, त्यात शरीररचनेचंही होतं. तिथेसुद्धा इंग्रजी संज्ञा बऱ्याचशा तशाच, फक्त नागरीत. मग आपण कशाला डोकं फोडायचं? पॅनक्रियाज म्हणा. मी तर नातेवाइकांना सांगते, "जहाँ इन्सुलिन बनता है". लगेच मान डोलते. लँगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1869 मध्ये या ग्रंथीत पेशींचे पुंजके दाखवले, त्यांना पुढे बेटं म्हटलं, आणि बेटाच्या लॅटिन शब्दावरून इन्सुलिन. शुगर घरोघरी आहे, त्यामुळे इन्सुलिन कुणालाच परकं नाही.

स्नेहलतागंजची सून
आणि मग घरी जाऊन साखर बंद, तूप चालू! सिस्टर, रागावू नका, पण तुमच्या युक्तीने काकू दुधातली साखर काढतील आणि साय तशीच ठेवतील.

रात्रपाळीची सिस्टर
हे मात्र खरं. परवाच एकांनी जिलेबी बंद केल्याचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. पिशवीत कचोऱ्या होत्या.

रामबागवाला
आत्या आता बरी आहे. आईने फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे: 'स्वादुपिंड. साय नाही. शेव नाही.' शेवेवर आत्याचा आक्षेप आहे. शेव नसेल तर ते पोहे इंदूरचे कसले, म्हणते.

स्नेहलतागंजची सून
चिठ्ठीतला पहिला शब्द खोडा, बाकीचं राहू द्या. काम होईल.

रामबागवाला
खोडणार नाही. सकाळी दूधवाल्याने वाचून विचारलं, "भाभीजी, ये स्वादुपिंड क्या होता है?" आईने त्याला दहा मिनिटं उभं केलं होतं.