चेंगडूमध्ये मॉल बघण्यासारखे आहेत का? आणि शाकाहारी आईला घेऊन तिथे जेवायचं कसं?

कोथरूडचा_भटक्या
ऑफिसच्या कामाने चेंगडूला जायचंय, शनिवार-रविवार मोकळा आहे आणि यावेळी बायको आणि आई पण येतायत. पांडा बघायचे ते ठरलंय. बाकी वेळात जो तो सांगतो चुनशी रोडला जा, तिथले आयएफएस आणि थायकू ली हे मॉल बघ. आता मॉल बघायला चीनपर्यंत कशाला जायचं असं माझं मत, घरात ते कोणी ऐकत नाही. खरी काळजी जेवणाची आहे. मी सगळं खातो, बायको चिकन-मासे खाते पण बीफ-पोर्क नाही, आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. भाषा येत नाही त्यामुळे गल्लीतल्या हॉटेलपेक्षा मॉलमध्ये बरं पडेल ना? आणि कॅश चालते का?

रानभूल
मॉलला खरेदीसाठी जाऊच नका, मोठे परदेशी ब्रँड तिथे आपल्यापेक्षा स्वस्त वगैरे काही नाहीत. जायचं ते खायला. तिकडचे लोक स्वतः मॉलमध्येच जेवतात, म्हणजे फक्त टुरिस्टांसाठी असलेला प्रकार नाही तो. तळघरातल्या मजल्यांवर, बी१ बी२ लिहिलेलं असतं, तिथे नूडल्स, डंपलिंग, चहावाले, बेकऱ्या आणि अगदी वरच्या मजल्यांवर बसून खायची मोठी रेस्टॉरंट, मधले मजले कपड्यांचे ते सोडून द्या.

आयएफएस २०१४ चं आहे, भिंतीवरून गच्चीवर चढणारा पांडा आहे तो, १५ मीटरचा. रस्त्यावरून फक्त त्याची पाठ दिसते, तोंड बघायचं तर सातव्या मजल्यावरच्या बागेत जावं लागतं आणि तिथे फोटोला ही गर्दी. थायकू ली मात्र मला मनापासून आवडलं. बंद डबा नाहीये, दोन-तीन मजली उतरत्या छपरांच्या इमारती, मधून गल्ल्या, आणि या सगळ्याच्या मधोमध जुनं दात्स मंदिर. ह्युएन त्संगने भिक्षू म्हणून दीक्षा इथे घेतली असं सांगतात, तोच ज्याने पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवलं. आईंना तिकडे न्या, बायकोला दुकानांत सोडा, सगळे खूश.

वेळ सांभाळा. ते लोक लवकर जेवतात, साडेपाचलाच संध्याकाळच्या रांगा लागायला सुरुवात होते. शनिवारी सात वाजता गेलात तर नंबराचं टोकन घेऊन बाहेरच्या स्टुलांवर बसायची तयारी ठेवा. आणि आपल्यासारखं साडेनऊला जेवायला निघालात तर मॉलमधल्या बऱ्याच ठिकाणी किचन बंद.

तिरफळ
हॉटपॉट, म्हणजे टेबलावर उकळणाऱ्या रश्शात जिन्नस बुडवून शिजवून खायचा प्रकार, खाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो कारण ही कोणी सांगत नाही. सिचुआनचा, म्हणजे चेंगडूच्या प्रांताचा, तो लालभडक रस्सा पारंपरिक पद्धतीत बीफच्या चरबीत केलेला असतो. म्हणजे तुम्ही त्यात नुसत्या भाज्या आणि टोफू बुडवलात तरी बायकोला चालणार नाही आणि आईंचा तर प्रश्नच नाही. वनस्पती तेलातला मिळतो, त्याला छिंग-यौ म्हणतात, पण तो मागून घ्यावा लागतो. कप्पे केलेलं भांडं घ्या, एका बाजूला तिखट, दुसऱ्या बाजूला टोमॅटो किंवा मशरूम, पण मशरूमच्या रश्शात पण कधीकधी कोंबडीचा किंवा हाडांचा स्टॉक असतो म्हणून विचारूनच घ्या. हायदीलाओ ही हॉटपॉटची साखळी तर सिचुआनचीच, १९९४ ला च्येनयांग गावात सुरू झालेली, तिथे अर्धी प्लेट मागता येते, वेगवेगळं चाखायला तीन माणसांना ते बरं पडतं. रस्सा प्यायचा नसतो हं. त्यातनं काढलेला घास तिळाचं तेल, लसूण आणि कोथिंबीर असलेल्या वाटीत बुडवून खायचा.

आणि जीभ बधिर झाली तर घाबरू नका. रश्शातला तो जीभ बधिर करणारा मसाला, सिचुआन मिरी, आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ आहे, एकाच कुळातला. आम्ही बांगड्याच्या तिखल्यात घालतो, बी काढून फक्त साल, तिकडेही सालच वापरतात. फक्त आम्ही चार-पाच घालतो आणि ते मूठभर. नंतर बिंगफेन खा, गुळाच्या पाकातली थंडगार जेली, बरं वाटतं.

कोथरूडचा_भटक्या
बापरे चरबीचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. मग आईने खायचं काय? टोफू तरी चालेल ना, मापो टोफूचं नाव सारखं ऐकतो.

जांभळी_छत्री
मापो टोफू नकोच, मूळ पदार्थात बीफचा खिमा असतो, काही ठिकाणी पोर्क. तिकडे टोफू म्हणजे शाकाहारी असा हिशोबच नाही. वांग्याच्या भाजीत, फरसबीत सुद्धा वरून खिमा टाकतात, दानदान नूडल्समध्येही. आईंना मॉलपेक्षा वनशू मठात न्या, मेट्रो लाईन १ वर त्याच नावाचं स्टेशन आहे. आतच शाकाहारी भोजनालय आहे, बौद्धांच्या पद्धतीचं म्हणजे कांदा-लसूण पण नाही. मेनूत मासा, बदक असं दिसेल, ते सगळं सोया आणि मैद्याचं असतं, आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या ताट बाजूला सारतील 😄 मॉलमध्ये असताना थ्येनश्वेइ म्येन मागा, जाड नूडल्स, गोड-तिखट सॉस, सहसा मांस नसतं तरी विचारा. फोनमध्ये चिनी लिपीत लिहून ठेवा की मांस, मासे, अंडं, प्राण्याची चरबी, मांसाचा रस्सा काही चालत नाही. नुसतं शाकाहारी आहे म्हटलं की रस्सा चिकनचाच येतो.

पैशांचं म्हणाल तर कॅश घ्यायला ते बांधील आहेत पण सुट्टे नसतात आणि ऑर्डरच टेबलावरचा क्यूआर स्कॅन करून द्यायची असते. अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची दोन्ही ॲप इथूनच टाका, पासपोर्टची माहिती भरा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा, रुपे चालत नाही. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, ओटीपी भारतीय नंबरवर येतो म्हणून रोमिंग हवंच, आणि रोमिंगवर व्हॉट्सॲप-गूगलही चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही चालणार. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला ३ टक्के फी लागते. टिप ठेवत नाहीत.

सुट्टीवर_आहे
न्यू सेंच्युरी ग्लोबल सेंटर कोणीच कसं नाही सांगितलं? २०१३ ची बिल्डिंग, आतल्या क्षेत्रफळात जगातली सगळ्यात मोठी म्हणतात, आत खोटा समुद्रकिनारा आहे. ती पण लाईन १ वरच.

रानभूल
मुद्दामच नाही सांगितली. ५०० मीटर लांब आणि ४०० रुंद, त्यात आईंना चालवत न्यायचं? जेवायला वेगळं असं काहीच नाही तिथे. लहान मुलं असती तर म्हटलं असतं जा. भटक्या, तुम्ही त्यापेक्षा एका संध्याकाळी पाचलाच थायकू लीला पोचा, जेवण उरका आणि दुकानं नंतर बघा, ती दहापर्यंत उघडी असतात.