सरासरीची शाब्दिक उदाहरणं दर वेळी थोडक्यात चुकतात, गडबड कुठे होतेय?

विट्याची_खाकी
नमस्कार सगळ्यांना. मी विट्याची, सध्या सांगलीत रूमवर राहून पोलीस भरतीची तयारी करतेय. ग्राउंड बऱ्यापैकी निघतंय पण लेखीत अंकगणित मार खातंय आणि त्यातही सरासरी. नुसते आकडे देऊन सरासरी काढा म्हटलं तर काहीच अडत नाही, पण तेच वाक्यात गुंडाळून आलं की उत्तर जवळपास येतं आणि पर्यायात नेमकं तेच चुकीचं उत्तर दिलेलं असतं, मग वाटतं आलं आपलं आणि गोल करून मी पुढे जाते. कालच्या सराव पेपरातली दोन टाकते.

१) वर्गातल्या ३० मुलांचं सरासरी वय १४ वर्षं. त्यात शिक्षकांचं वय मिळवलं तर सरासरी १ ने वाढते. शिक्षकांचं वय किती? मी ४४ लिहिलं, उत्तर ४५ आहे.

२) एकजण गाडीवरून साताऱ्याहून कराडला ताशी ६० किमी वेगाने गेला, त्याच रस्त्याने ताशी ४० ने परत आला. सरासरी वेग किती? माझं ५०, उत्तर ४८.

क्लासमध्ये सूत्रं पाठ करून घेतलीत, नवीन माणूस आला तर हे, गेला तर ते, एकाच्या जागी दुसरा आला तर तिसरंच. ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवताना सूत्र आठवतं पण संख्या जुनी घ्यायची की नवी तिथेच अडकते. कुणीतरी नीट समजावा प्लीज.

कोरेगावचे_गुरुजी
पोरी, मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मुलं चुकायची ती याच जागेवर, त्यामुळे तुझं काही जगावेगळं नाही. सूत्रं जरा बाजूला ठेव आणि वर्गणीचा विचार कर. सरासरी १४ म्हणजे ३० जणांकडे प्रत्येकी १४ आहेत असं धर. आता गुरुजी आले आणि सगळ्यांचे १५ झाले. म्हणजे गुरुजींनी तीसही मुलांना एकेक वर्ष वाटलं, ते झाले ३०, आणि वाटून झाल्यावर त्यांच्या स्वतःच्या हातात किती उरायला हवेत? १५, कारण आता तेही त्याच रांगेत बसलेत. ३० + १५ = ४५. तू ३० वाटलेस ते बरोबर, पण गुरुजींच्या हातात १४ च ठेवलेस, म्हणून एक कमी पडला.

शंका आली तर बेरजेने पडताळ. आधीची बेरीज ३० × १४ = ४२०, नंतरची ३१ × १५ = ४६५, फरक ४५. शाब्दिक उदाहरणात सरासरी हा शब्द दिसला की पेन्सिलीने त्याच्या शेजारी एकूण बेरीज लिहायची सवय लाव. माणूस येवो, जावो, बदलो, बेरजेत काय फरक पडला एवढंच बघायचं असतं.

आता तू एक करून दाखव. चार पेपरांची सरासरी ६८ आहे, पाचव्यात किती मार्क पडले तर सरासरी ७० होईल?

हळद_आणि_हिशोब
ताई, दुसऱ्या गणिताचं मी सांगतो कारण आमच्या घरात हा घोळ दर सीझनला होतो. आमची राजापुरी हळद सांगली मार्केटला जाते. समजा १२ क्विंटल १४००० ने गेली आणि चांगल्या मालातली ३ क्विंटल १६५०० ने गेली. घरी आल्यावर धाकटा भाऊ लगेच दोन्ही दरांची बेरीज करून दोनने भागतो आणि म्हणतो सरासरी १५२५० मिळाला. पण विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात घेऊन बघ, १६८००० अधिक ४९५०० म्हणजे २१७५००, भागिले १५ क्विंटल, आला १४५००. क्विंटलमागे साडेसातशेचा फरक आहे हा, आणि हमाली, तोलाई कापायच्या आधीचा. कमी दराचा माल जास्त होता म्हणून सरासरी त्याच्याकडे ओढली गेली.

गाडीचंही तसंच आहे. तिथे क्विंटल होते तसे इथे तास. सातारा ते कराड पन्नासेक किमी असेल पण अंतर दिलेलं नाही म्हणून सोयीचं घे, ६० आणि ४० दोन्हींनी भाग जाणारं, १२० धर. जाताना २ तास, येताना ३ तास. एकूण २४० किमी भागिले ५ तास, ४८. चाळीसच्या वेगात तो जास्त वेळ होता म्हणून उत्तर पन्नासच्या खाली आलं. हेच जर गणितात अर्धा वेळ ६० ने आणि अर्धा वेळ ४० ने गेला असं असतं तर ५० बरोबर होतं, त्यामुळे अर्धं अंतर म्हटलंय की अर्धा वेळ ते बोट ठेवून वाच.

कराड_एक्सप्रेस
गुरुजींचं पटतंय पण पेपरात एवढा वेळ नसतो, वेगाच्या गणिताला २कख भागिले (क+ख) पाठच पाहिजे, क आणि ख म्हणजे दोन वेग, १० सेकंदात उत्तर. फक्त ते सारख्या अंतरालाच चालतं, बाकी कुठे लावू नको. आणि चुकीची नोंदवाली गणितं येतात ना, २० संख्यांची सरासरी ३५ आली पण ६३ ऐवजी ३६ धरलं होतं, त्यात सगळी बेरीज करत बसू नको, फरक २७ भागिले २० म्हणजे १.३५, उत्तर ३६.३५. क्रमवार संख्या असतील तर मधली संख्याच सरासरी, मधल्या दोन आल्या तर त्या दोघींची सरासरी.

मिरज_मैदान
यात क्रिकेट आलं नाही म्हणून लिहितोय, कारण भागायचं कितीने हा प्रश्न मला तिथेच कळला. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मलेले, १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कॅप्टन. त्यांच्या कसोटीत २१९२ धावा, डाव ५२. भागून बघा, ४२.१५ येतात, पण रेकॉर्डमध्ये ४७.६५ आहे. कारण ६ वेळा ते नाबाद होते आणि बॅटिंगची सरासरी बाद झालेल्या डावांवर काढतात, म्हणजे ४६ ने भागायचं.

आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन, ६९९६ धावा, ७० वेळा बाद, ९९.९४. १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात ४ धावा हव्या होत्या, ७००० भागिले ७० बरोब्बर १०० झाले असते, आणि तो शून्यावर गेला. गुरुजींचं पाचव्या पेपरचं गणित आणि हे एकच आहे बघा, हवी ती सरासरी गुणिले संख्या, त्यातून हातात असलेली बेरीज वजा.

विट्याची_खाकी
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन महिने हे डोक्यात बसत नव्हतं. गुरुजी, तुमचं गणित केलं. पाचवा पेपर चौघांना २-२ वाटणार म्हणजे ८, आणि स्वतःकडे ७० ठेवणार, ७८. मग बेरजेनेही केलं, ३५० वजा २७२, ७८ च आले. सूत्र नाही वापरलं. हळदवाल्या दादांचं अर्धा वेळ आणि अर्धं अंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

कोरेगावचे_गुरुजी
७८ बरोबर. आता उलटं कर. ३१ जणांची सरासरी १५ आहे, त्यातला ४५ वर्षांचा एकजण उठून गेला, सरासरी किती? बेरीज न मांडता, नुसती वर्गणी परत घेऊन सांग.