पाटीवर 'गावरान चिकन' नको, 'गावरान कोंबडी' लिहा

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात शाहूपुरीतून रंकाळ्याकडे जाताना खानावळींच्या पाट्या वाचत जा. 'स्पेशल गावरान चिकन थाळी' सगळीकडे. माझा या जोडशब्दाला ठाम विरोध आहे.

जुन्या इंग्रजीत चिकन म्हणजे पिल्लू. वाढलेली मादी ती हेन, नर तो कॉक, आणि सरसकट सगळ्यांना फाऊल. तो जुना अर्थ अजून त्यांच्या म्हणीत आहे: अंडी फुटायच्या आधी चिकन मोजू नका. अंड्यातून पिल्लूच येणार ना? मोठ्या पक्ष्याला आणि त्याच्या मांसाला तेच नाव सर्रास लागलं ते नंतर.

आता आपल्याकडं बघा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो आणि दुकानात येतो. त्या वयातही तो पिल्लासारखा चिवचिवतच असतो, त्यामुळं त्याला चिकन म्हणणं अगदी योग्य. पण उकिरडा उकरून, किडे-दाणे टिपून वाढलेली गावरान कोंबडी अंड्यावर यायलाच पाच-सहा महिने घेते. तिचं मांस चिवट, शिजायला वेळ जास्त, आणि रश्श्याला चव येते ती त्या वयामुळंच. तिला पिल्लाचं नाव का?

पेठेतला_गडी
भावा, मूळ अर्थच धरायचा तर मटणाचं काय करतोस? तो शब्द फ्रेंच मेंढीवरनं इंग्रजीत आला, आणि इंग्लंडात आजही मटण म्हणजे मेंढीचंच. आपण तांबडा-पांढरा करतो बकऱ्याचा आणि म्हणतो मटणाचा. आजवर कुणाचं काय अडलं?

खुद्द इंग्रजांनीही हेच केलंय. 'बर्ड' म्हणजे आधी घरट्यातलं पिल्लू, आणि 'फाऊल' म्हणजे कुठलाही पक्षी. आता बर्ड झाला सगळ्या पक्ष्यांचा आणि फाऊल उरला कोंबड्या-बदकांपुरता. कबुतराचा 'पिजन'सुद्धा मुळात चिवचिवणारं पिल्लूच. पिल्लाचं नाव मोठ्याला लागणं ही त्या भाषेची जुनी रीत आहे. ती चूक ठरवायला आपण कोण?

शेणगोठा_गडहिंग्लज
मी कोंबड्या पाळते, म्हणून बोलते. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "ताई, गावरान चिकन आहे का?" मला त्यातनं काहीच कळत नाही. तलंग पाहिजे, अंडी घालून झालेली पाहिजे, का कोंबडा? तिन्हींचा दर वेगळा, शिजायचा वेळ वेगळा. अंडी उबवायला खुडूक बसलेली तर मी विकतच नाही. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, सुक्क्याला सगळ्यात चांगली. हा शब्द शहरातल्या पोरांना माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पंचगंगाकाठ दादा, तुमची बाजू मला पटते, पण इंग्रजीच्या इतिहासासाठी नव्हे, या शब्दांसाठी.

वर्गशिक्षक_इंग्रजी
ताईंच्या तलंगीला इंग्रजीत पुलेट म्हणतात, आणि तो शब्द फ्रेंचमधून आलाय. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर स्वयंपाकघरात फ्रेंच शब्द शिरले: बीफ, पोर्क, मटण, पोल्ट्री. गोठ्यातली गाय आणि ताटातलं बीफ अशी फारकत झाली. चिकन मात्र इंग्रजांचा घरचा शब्द. अंगणातही चिकन, ताटातही चिकन.

गंमत पुढं आहे. जी फारकत इंग्रजीनं चिकनबाबत केली नाही, ती मराठीनं केली. "चिकन आणलंय" म्हटलं की घरात वाटण काढतात. "कोंबडी आणलीय" म्हटलं की तिला झाकायला डालगं शोधतात. हा अर्थ मराठी बोलणाऱ्यांनी घडवलाय, तो उसना नाही. म्हणून पाटीवरच्या 'चिकन'ला माझी हरकत नाही.

दाजीपूरचा_वाटाड्या
एक भर घालतो. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात आरवतो तो करडा रानकोंबडा. पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी ज्या जनुकामुळं येते, ते या करड्या जातीकडून आल्याचं 2008 च्या संशोधनात दिसलं. जगभरच्या पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत आपल्या रानाचा अंश आहे. अशा पक्ष्याला आपल्याच गावात आपलं नाव असावं, एवढंच म्हणणं.

पंचगंगाकाठ
सर, डालग्याचं उदाहरण बिनतोड आहे. नुसत्या 'चिकन'ला माझीही ना नाही. अडचण 'गावरान' जोडल्यावर सुरू होते, कारण त्या शब्दावर जादा पैसे घेतले जातात. गिरिराज, वनराज या परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या सुधारित जाती. शेतकऱ्याला त्या परवडतात, त्यात वाईट काही नाही. पण त्याही 'गावरान चिकन'मध्ये खपतात. ताटात तुकडे आल्यावर कोण ओळखणार?

पेठेतला_गडी
मग 'गावरान कोंबडी' लिहिल्यावर ते खपायचं थांबणार आहे का? फसवणारा दोन्ही शब्दांत फसवेल. मी तर म्हणतो चिकनच राहू द्या, आणि खाली जात आणि वय लिहायची सक्ती करा.

शेणगोठा_गडहिंग्लज
वय लिहायचं ठरलं तर 'पाच महिने' असं नका लिहू. 'तलंग' लिहा. नसेल कळत तर गिऱ्हाईक विचारेल, खानावळवाल्यानं सांगावं.

पेठेतला_गडी
ताई, हे मान्य. 'गावरान चिकन, तलंग'. पण चिकन काढणार नाही.