गर्दी मोजून स्टॉल घेणाऱ्यांनो, आधी तास मोजा

पटाशी
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं, "हातचं कोरीवकाम विकायचं तर जिथे गर्दी जास्त तिथे बसा. पहिल्या वर्षी तोटा झाला तरी नाव होतं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गर्दी लागते वडापाववाल्याला, कारण त्याचा माल दर पाच मिनिटांनी तयार होतो. शिवणीच्या लाकडात १२ × १८ इंचाचं उठावाचं पॅनेल कोरायला ३० तास जातात. तीन महिने बसून २० पॅनेलं झाली, म्हणजे ६०० तास. ९ दिवसांच्या मोठ्या मेळ्यात भाडं, टेम्पो, राहणं-जेवण मिळून ५५,००० धरा, लाकडाचे १८,०००. सगळीच्या सगळी ६,५०० ला विकली तरी १,३०,००० मधून ५७,००० उरतात. तासाला ९५ रुपये. स्टॉलवर बसलेले ९ दिवस यात धरलेलेच नाहीत. रोज लाख माणूस आला काय नि दोनशे आली काय, विकायला पॅनेलं वीसच. ती घेणारी वीस माणसं कुठे येतात, एवढंच बघायचं.

जत्रेकर
मेळ्यात नुसती पॅनेलं घेऊन बसायला कोणी सांगितलं होतं? पॅनेल मागच्या भिंतीला, ते बघून माणूस थांबतो. घेतो काय, तर पुढच्या फळीवरचा २५० चा कोरीव चमचा. त्याला ४० मिनिटं लागतात. तासाला ३७५ झाले. तुमच्या पॅनेलला गल्ल्यात तासाला २१६ येतात. हिशेब अर्धाच मांडायचा आणि वर लोकांना शिकवायचं!

हिशेबी
अर्धा हिशेब दोघांचाही आहे. ३०० चमचे म्हणजे २०० तास आणि ७५,०००. त्यातून तेच ५५,००० वजा केले की २०,०००, तासाला १०० रुपये. घसा फोडून भांडताय, उत्तर जवळपास एकच. दोन्ही माल एकाच स्टॉलवर ठेवलात तर भाडं एकदाच जातं. मग ८०० तासांना १,३२,०००, तासाला १६५. चमच्यांचं लाकूड पॅनेलांच्या तुकड्यांतून.

पटाशी
कबूल, १६५. फक्त सगळा माल संपतो असा मेळा कुठे भरतो, तेवढं सांगा, सगळेच तिथे जाऊ.

जत्रेकर
टोमणा पोचला. आंगणेवाडीच्या जत्रेला जा. एक-दोन दिवसांचं काम, फळी टाकायला फार लागत नाही. मात्र ५० ते ३०० रुपयांचाच माल न्या: पोळपाट, लाटणी, भोवरे. तारीख कौल लावून ठरते, पंचांगात शोधत बसू नका. देवीला आलेला माणूस साडेसहा हजारांचं पॅनेल खांद्यावर टाकून मुंबईच्या गाडीत चढणार नाही, हे मलाही कळतं.

नारळफोड्या
गोव्यात विकणाऱ्यांनी तर वजनाचा काटाच जवळ ठेवावा. हणजूणचा बुधवारचा बाजार किंवा हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार, गिऱ्हाईक बहुतेक विमानाने परतणारं. हातातल्या बॅगेला ७ किलो. अडीच फुटी सागवानी पॅनेल त्याला कितीही आवडलं तरी तो फोटो काढून निघून जातो. १० इंचांच्या आत, किलोच्या आत, असं काम तिथे चालतं. मोठं काम पणजीच्या लोकोत्सवात लावा, तिथे घर सजवणारे गोवेकर स्वतःच्या गाडीने येतात.

हिशेबी
राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी: उलाढाल २० लाखांच्या आत असली तर हस्तकलेच्या मालाला जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पॅन लागतो. पण ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, माल ५० हजारांच्या आत असला तरी लागतं. बरेच जण इथेच अडकतात. नाक्यावर टेम्पो उभा आणि मेळा सुरू. दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारात पंधरवड्याची पाळी हवी असेल तर आधी कारागिराचं 'पहचान' कार्ड काढा. आणि महालक्ष्मी सरस मेळा बचत गटांसाठी आहे, एकट्या सुताराने तिथे अर्ज घेऊन धावू नये.

खवचट रंधा
भाडं, वजन, बिल, सगळं खरं. मूळ दुखण्यावर कोणी बोलेना. शेजारच्या स्टॉलवर सीएनसीचं, म्हणजे संगणकी यंत्राने कोरलेलं पॅनेल १,२०० ला आणि वर पाटी 'हस्तनिर्मित'. तुमचं ६,५०० चं कोण घेणार? जागा निवडायची ती इथे. यंत्राचा माल चालतो का, हे आयोजकाला लेखी विचारा. "सगळं चालतं" म्हणाला तर पैसे भरू नका.

जत्रेकर
आणि आयोजक ओळखणार कसा? तो मांडववाला आहे, सुतार नाही.

खवचट रंधा
तीन खुणा. एक: फुलाच्या दोन पाकळ्या मिळतात तो आतला कोपरा बघा. यंत्रात तो बिटाच्या, म्हणजे फिरत्या पात्याच्या, टोकाएवढाच गोल, सगळीकडे तंतोतंत सारखा. हाताच्या कामात पटाशीचं टोक खोल उतरून तिथे धारदार रेघ पडते. दोन: उजेड आडवा पाडा. उंचवट्यावर कंगवा फिरवल्यासारख्या समांतर बारीक रेघा दिसल्या तर ती बिटाची चाल, काचपेपरने सहसा पूर्ण जात नाही. तीन: पाकळीच्या कडेखाली नख घाला. साधं तीन अक्षांचं यंत्र वरून खालीच उतरतं, कडेच्या पोटात शिरत नाही. नख आत गेलं तर हात फिरलाय.

पटाशी
तिसरी खूण घातक आहे. कमी उठावाच्या कामात, म्हणजे देव्हाऱ्याच्या पट्ट्या, चौरंगाच्या कडा, कडा आतून कोरतच नाहीत. कोरली तर पुसताना कापड अडकतं आणि टवका उडतो. तुमच्या नखाने शंभर टक्के हाताचं काम नापास होईल. अशा अर्धवट परीक्षा आयोजकांच्या हातात दिल्या तर मरण आपलंच.

खवचट रंधा
मग पहिल्या दोन बघा ना! तीन सांगितल्या, चुकीची नेमकी उचलली. वाद घालायचाच असेल तर घाला.

नारळफोड्या
यंत्राने जमीन, म्हणजे नक्षीमागचा खोलगट भाग, उकरून घेऊन वर पटाशी फिरवली तर? दुसरी खूण गेली. बारीक बिट लावलं तर पहिलीही.

खवचट रंधा
एकाच नक्षीचे दोन नग मागा. एकावर एक ठेवून मोजा. चार ठिकाणची खोली मिलिमीटरला मिलिमीटर जुळली तर काय ते समजा.

पटाशी
ही मात्र पटली. नाइलाजाने. आयोजकाला तरी पट्टी धरता येईलच. त्यापेक्षा अर्जासोबत अर्धवट कामाचे तीन फोटो मागणारे आयोजक शोधा: आखणी, जमीन उकरलेली, तयार. एवढं मागणारा निदान दिवे आणि शेजारी कोण याचाही विचार करतो.

हिशेबी
दिव्यांवरून: "स्वतःचे लावू देता का" हा प्रश्न भाड्याच्याही आधी. मांडवातली पांढरी ट्यूब वरून सरळ पडते, दीड सेंटिमीटरचा उठाव छापील कागदासारखा दिसतो. पिवळसर दिवा बाजूने, पॅनेलला घासून जाईल असा लावा, सावली पडली की काम उठतं. पश्चिमेकडे तोंड असलेला स्टॉल मोफत मिळाला तरी नको. दुपारी तीननंतर ऊन थेट मालावर येतं, लाखेचं काम मऊ पडून एकमेकाला चिकटतं.

नारळफोड्या
कोकणात कोरलेलं एप्रिलात नागपूरला नेणाऱ्यांनी पॅनेल चौकटीत गोंदाने घट्ट बसवू नये. कोरड्या हवेत लाकूड आडवं आकसतं आणि मधोमध तडा जातो. खाचेत सुटं ठेवा, दोन्ही बाजूंना २ मिमी.

नवखा_पाट
धागा भरकटलाय, तरी विचारतो. पुण्यात पितृपक्षात हॉल निम्म्या भाड्यात मिळतोय. देव्हारे आणि चौरंग आहेत. घेऊ का?

जत्रेकर
निम्म्या भाड्यात का मिळतोय, हे कळलं नाही का अजून? त्या पंधरा दिवसांत नवा देव्हारा कोण घरी नेतो?

पटाशी
या बाबतीत जत्रेकरांशी सहमत, नोंद घ्यावी. हॉल घ्याच, पण देव्हारे घरी ठेवा. मसाल्याचे डबे, ट्रे, आरशाच्या चौकटी न्या. आणि ताजं पॉलिश वर्तमानपत्रात गुंडाळू नका, अक्षरं उलटी उमटतात. मलमल वापरा.