शब्दचर्चा : जहाजातून जहाजात जाणारे तेल, 'हस्तांतरण' की आणखी काही?

जुळे सोलापूर :
नमस्कार. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी पर्यावरण कायद्यांची मराठी टिपणे लिहिते आहे. दोन तेलवाहू जहाजे भर समुद्रात एकमेकांना लागून उभी राहतात आणि एकातले तेल दुसऱ्यात घेतात. त्यातून प्रदूषण होऊ नये म्हणून मार्पोल करारात (जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार) वेगळे प्रकरण आहे. या क्रियेला 'हस्तांतरण' म्हणावे का? आणि कायद्यातल्या 'डिस्चार्ज'ला 'विसर्ग' नि पाण्यावर पसरलेल्या तेलाला 'तवंग' चालेल का?

सात रस्ता :
ताई, 'हस्तांतरण' नको. तो शब्द मालमत्तेचा, कार्यभाराचा. त्यात मालकी किंवा जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, वस्तू जागची हलली नाही तरी चालते. इथे तेल हलते, मालक मात्र तोच राहू शकतो. आपल्या जिल्ह्यात पंपाने पाणी उचलण्याला 'उपसा' म्हणतात, उपसा सिंचन सगळ्यांना ठाऊक आहे. तेलही पंपानेच जाते. मग 'तेल-उपसा' का नको?

होटगी रोड :
तेलवाहू जहाजांच्या इंजिन विभागात नोकरी झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'उपसा'त तेल कुठून काढले ते कळते, कुठे गेले ते कळत नाही. मी सरळ 'जहाजातून जहाजात तेल देणे-घेणे' लिहीन. लांब आहे, पण 'देणारे जहाज' आणि 'घेणारे जहाज' हे शब्द त्यातूनच मिळतात, आणि नियम समजावताना ते पावलोपावली लागतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नुसते 'तेल' लिहू नका, 'मालाचे तेल' लिहा. मार्पोलच्या पहिल्या, म्हणजे तेलाच्या प्रदूषणाविषयीच्या, जोडपत्रातले हे आठवे प्रकरण (नियम 40 ते 42) माल म्हणून नेल्या जाणाऱ्या तेलापुरतेच आहे, तेही 150 किंवा अधिक ग्रॉस टनेजच्या (टनेज म्हणजे जहाजाच्या आकारमानाचे माप) तेलवाहू जहाजांसाठी. जहाजात स्वतःसाठी भरतात ते इंधन म्हणजे बंकर, आणि बंकर भरणे या प्रकरणात येत नाही. हा फरक टिपणात निसटला तर मुले परीक्षेत चुकीचे लिहून येतील.

बाकी तरतुदी थोडक्यात : प्रकरण 1 जानेवारी 2011 पासून अमलात आले. देण्याघेण्याचा मंजूर आराखडा जहाजावर हवा आणि 1 एप्रिल 2012 पासून काम त्याप्रमाणेच करायचे. एखाद्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात किंवा 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात हे करायचे असेल, तर त्या देशाला किमान 48 तास आधी कळवायचे. नोंदी जहाजावर 3 वर्षे ठेवायच्या.

आता 'विसर्ग'. पावसाळ्यात आपण रोज वाचतो, उजनीतून भीमेत अमुक क्युसेक विसर्ग. तिथे कोणीतरी ठरवून दरवाजे उचललेले असतात. मार्पोलच्या दुसऱ्या कलमातली व्याख्या फार रुंद आहे. कारण काहीही असो, जहाजातून बाहेर गेले की झाले. निसटणे, टाकून देणे, सांडणे, गळणे, पंपाने काढणे, रिकामे करणे, सगळे त्यात आहे. होज (तेल नेणारी लवचिक नळी) फाटून तेल गेले, कोणाच्या मनात नव्हते, तरी तो डिस्चार्जच. 'विसर्ग' लिहिले की वाचणाऱ्याला वाटणार, मुद्दाम सोडले तरच कायदा लागू. मला हा अर्थ निसटणे फार धोक्याचे वाटते, कारण समुद्रात गेलेले पुष्कळसे तेल कोणी सोडलेले नसते. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया 3' या जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा'तून जे तेल पसरले ते मालाचे नव्हते, तिचे स्वतःचे इंधन होते, आणि तेही सोडलेले नव्हते.

सात रस्ता :
पण अपघाताला सूट असते ना सर? मग 'विसर्ग' नि 'गळती' वेगळे ठेवले तर काय बिघडते?

होटगी रोड :
सूट आहे, त्याच पहिल्या जोडपत्राच्या चौथ्या नियमात. जहाजाला इजा होऊन तेल गेले असेल, इजा झाल्यावर किंवा गळती कळल्यावर ते थांबवायला सगळी वाजवी खबरदारी घेतली असेल आणि मालकाने वा कप्तानाने नुकसान व्हावे या हेतूने किंवा बेपर्वाईने वागलेले नसेल, तरच. म्हणजे आधी ते डिस्चार्ज ठरते, मग सूट मिळते का याचा विचार. 'गळती' हा शब्द वेगळा काढला की ती पहिली पायरीच जाते.

जुळे सोलापूर :
मग देवनागरीत 'डिस्चार्ज'च ठेवू का? मुलांना दवाखान्यामुळे शब्द ओळखीचा आहे.

होटगी रोड :
तेलवाहू जहाजावर 'डिस्चार्ज' म्हणजे माल उतरवणेही. देणारे जहाज डिस्चार्जच करत असते, आणि तो त्याचा रीतसर धंदा आहे. एकाच पानावर दोन्ही अर्थ आले तर गोंधळ होईल. माल उतरवण्याला 'देणे' आणि प्रदूषणाला 'समुद्रात जाणे' एवढे साधे ठेवा.

सात रस्ता :
हे पटले. 'उपसा' मी मागे घेतो. 'तवंग' मात्र राहू द्या, पाण्यावरच्या तेलाच्या थराला त्याहून नेमका शब्द नाही.

जुळे सोलापूर :
दोघांचेही आभार. व्याख्या अशी लिहिते : 'कोणत्याही कारणाने, हेतू असो वा नसो, जहाजातून तेल समुद्रात जाणे, यात सांडणे, गळणे, निसटणे, टाकणे, पंपाने काढणे व रिकामे करणे हे सर्व येते.' प्रकरणाचे नाव : 'समुद्रात तेलवाहू जहाजांमध्ये मालाचे तेल देता-घेताना होणाऱ्या प्रदूषणास प्रतिबंध'.

होटगी रोड :
चांगले झाले. 'बंकर वगळून' हे शीर्षकाखालीच कंसात टाका, तळटीप कोणी वाचत नाही.