'सुटा भाग' की 'बदली भाग'? घरी जुळवलेल्या चाकाच्या निमित्ताने

विचारणा

वडोदऱ्यात आमच्या घरी वडिलांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने जुळवलेले कुंभारकामाचे चाक आहे. लोखंडी अँगलची चौकट, तीत उभा शाफ्ट, शाफ्टला वर आणि खाली एकेक बेअरिंग, खालच्या टोकाला मोठी पुली, शेजारी एका जुन्या घरघंटीची मोटर आणि दोहोंमध्ये पट्टा, एवढीच त्याची रचना आहे. महिन्याभरापासून त्यातून खरखर ऐकू येते आणि मातीचा गोळा कितीही नेटाने मध्यावर आणला तरी तो तेथे टिकत नाही. म्हणून मी रावपुऱ्यातल्या एका दुकानात जाऊन, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या गुजरातीत, 'चाकाचे सुटे भाग हवे आहेत' असे सांगितले. दुकानदाराने माझ्यापुढे ट्रॉलीची चार रबरी चाके मांडली. कुंभाराचे चाक म्हणतो आहे, असे समजावल्यावर तो हसून म्हणाला, 'एम कहो ने, चाकडो!' आणि लगेच पुढे, 'चाकडाना स्पेर कोई न राखे.'

वडिलांच्या हातच्या आकृत्या आणि त्यांच्या सूचना मी सध्या एका वहीत नीट मराठीत उतरवून घेत आहे. त्यासाठी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणत्याही कारखान्यात न बनलेल्या यंत्राच्या बाबतीत 'सुटा भाग' हा शब्द योग्य ठरतो काय? आणि शाफ्ट, बेअरिंग, पुली यांना मराठीत काय म्हणावे, जेणेकरून लिहिलेले दुकानातही उपयोगी पडेल?

एका निवृत्त भाषाशिक्षिकेचे उत्तर

'सुटा' हे विशेषण 'सुटणे' या क्रियापदापासून आलेले आहे आणि गठ्ठ्यापासून, वेष्टनापासून किंवा मूळ वस्तूपासून वेगळे झालेले जे जे असेल त्याला ते लागते. सुटे पैसे, सुटा चहा, सुटे तेल, सुटी फुले या सर्वांत हाच अर्थ आहे. यंत्राचा सुटा भाग म्हणजे एरवी अखंड विकल्या जाणाऱ्या यंत्राचा वेगळा विकत मिळणारा अवयव. इंग्रजीतल्या 'स्पेअर'मध्ये भर आहे तो जास्तीचे असण्यावर, अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यावर. मोटारीच्या डिकीतली स्टेपनी हे त्याचे चोख उदाहरण होय. मराठीने तो अर्थ बाजूला ठेवून वेगळेपणाचा अर्थ उचलला, आणि तो मला तरी अधिक नेमका वाटतो.

परंतु सुटा भाग म्हणताना त्यामागे एक अखंड यंत्र आणि ते घडवणारा कोणी तरी गृहीत धरावा लागतो. आपल्या वडिलांच्या चाकाला तसा कारखाना नाही. त्यातली मोटर घरघंटीची, बेअरिंग कदाचित पाण्याच्या पंपाला चालणारे, पट्टा कोणत्याही कॉम्प्रेसरला बसेल असा. म्हणजे चाकडो म्हणून त्याचा एकही भाग बाजारात नाही आणि तरीही त्याचे सगळे भाग बाजारात आहेत. दुकानदार आपल्याशी खोटे बोलला नाही.

वहीत आपण 'बदली भाग' असे लिहावे, असे मी सुचवीन. मुंबईच्या गिरण्यांतल्या बदली कामगारांमुळे हे विशेषण आपल्या कानांना परके राहिलेले नाही. फक्त 'बेअरिंगची बदली झाली' असे लिहू नये; ते बेअरिंग तलाठ्याप्रमाणे दुसऱ्या गावी गेल्यासारखे वाटेल. तेथे 'बेअरिंग बदलले' हेच बरे.

'चाक' या शब्दाविषयीही थोडेसे. संस्कृत चक्र, त्याचे प्राकृत चक्क, आणि त्यावरून आपले चाक. मराठीत बैलगाडीचे, सायकलचे आणि कुंभाराचे ही तिन्ही चाकेच. गुजरातीत मात्र वाहनाचे ते पैडुं आणि कुंभाराचा तो चाकडो. वडोदऱ्यात राहणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवला तर ट्रॉलीची चाके पाहावी लागणार नाहीत. तशीच गंमत घरघंटीची आहे. गुजरातीत घंटी म्हणजे जाते, म्हणून घरातली पिठाची गिरणी ती घरघंटी; आमच्याकडे पुण्याहून आलेल्या पाहुण्या मात्र दारावरची घंटा शोधत होत्या.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या एका सभासदाचे उत्तर

शाफ्टसाठी आख, आस आणि दंड असे तीन शब्द सुचवले जातात, पण ते एकमेकांच्या जागी वापरता येणार नाहीत, आणि हा निव्वळ शब्दांचा कीस नाही.

बैलगाडीचा आख जागचा हलत नाही. त्याच्याभोवती चाक फिरते, आणि झीज होते ती चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आरे जेथे येऊन मिळतात त्या मधल्या ठोकळ्यात. कुंभाराच्या परंपरागत चाकाचीही तीच तऱ्हा आहे. जमिनीत पक्का रोवलेला टोकदार खुंटा स्थिर राहतो आणि त्या टोकावर जड चाक खालच्या बाजूच्या खळग्याने तोलले जाते. कुंभार काठीने ते चाक फिरवतो आणि पुढे बराच वेळ ते स्वतःच्या वजनाच्या वेगाने फिरत राहते. फतेपुऱ्याच्या कुंभारवाड्यात नवरात्रीआधी गरबे, म्हणजे नवरात्रातले मातीचे घट, घडवण्याची घाई असते तेव्हा, चाकाला मोटर जोडलेली नसेल अशा एखाद्या घरी, हे आजही पाहायला मिळू शकते. अशा चाकाचा खळगा झिजतो, त्याला वंगण लागते, आणि त्यात बदलण्याजोगे असे फार काही नसते.

तुमच्या वडिलांच्या चाकात याच्या नेमके उलटे आहे. तेथे शाफ्ट स्वतः फिरतो, चाकाचा माथा, म्हणजे जिच्यावर माती ठेवतात ती तबकडी, त्याच्यावर घट्ट बसवलेला असतो आणि झीज बेअरिंगमध्ये होते. जो स्वतः फिरतो आणि फिरणे पुढे पोचवतो त्याला आख म्हणणे चुकीचे ठरेल. आस हा शब्दही मी टाळीन, कारण पृथ्वीच्या आसासारखी ती एक कल्पित रेषाही असू शकते. परिभाषेत दंड म्हणतात. परंतु वहीत 'शाफ्ट (फिरणारा)' असे लिहिलेत तर मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

पुलीचेही असेच. विहिरीवरची गडगडी आणि बांधकामावरची कप्पी या दोरीची दिशा वळवतात आणि ओझे उचलतात. तुमच्या चाकाची पुली पट्ट्याकडून फिरणे घेते आणि वेग बदलते. गुजराती माणूस दोहोंना गरगडी म्हणून मोकळा होतो, पण मराठीत कप्पी म्हटले की डोळ्यांसमोर दोरी येते. येथे पुलीच राहू द्यावी. समजा, घरघंटीची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आहे. तिच्यावर २ इंची आणि शाफ्टवर १२ इंची पुली असेल तर चाक २४० फेऱ्या घेईल, आणि माती मध्यावर आणायला तेवढा वेग पुरतो. पुली बदलताना केवळ 'बसते' एवढे पाहून चालत नाही, व्यासांचे हे प्रमाण सांभाळावे लागते.

आणखी एका सभासदाचे

बेअरिंगला मराठीत 'धारवा' असा चांगला, सुटसुटीत शब्द आहे, तो कोणीच कसा आठवला नाही? धारण करतो तो धारवा. ज्या गावात 1890 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले, आणि हुन्नराचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे असा आग्रह जेथे धरला गेला, त्या गावातल्या मराठी माणसाने तरी वहीत धारवाच लिहावा.

भाषाशिक्षिकेचे प्रत्युत्तर

शब्द सुंदर आहे, यात वाद नाही. पण विचारणाऱ्याची अट अशी आहे की लिहिलेले दुकानातही चालावे. शिवाय बेअरिंगने मराठीत आता स्वतःचे घर केले आहे. नाटकवाल्यांच्या तोंडी 'त्याचे बेअरिंग सुटले' हे वाक्य येते तेव्हा तेथे 'धारवा सुटला' कोण म्हणेल? वहीच्या आरंभी एकदा 'बेअरिंग, म्हणजे धारवा' असे लिहून पुढे बेअरिंग चालवावे.

मूळ विचारणाऱ्याचे

आपणा सर्वांचे आभार. काल पट्टा उतरवून खालचे बेअरिंग बाहेर काढले. रॉकेलमध्ये बुडवून, वर्षानुवर्षांचे काळे वंगण दात घासण्याच्या जुन्या ब्रशने काढल्यावर कडेला ६२०४ झेडझेड अशी बारीक अक्षरे दिसली. पट्ट्यावरचा आकडा मात्र पुसून गेला आहे. मोटर आणि शाफ्ट यांना धरून पट्ट्याच्या बाहेरून सुतळी गुंडाळली, ती ५२ इंच भरली. चाक हाताने फिरवले तर माथ्याची कड एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जाते. याला डगमगणे म्हणावे की डुगडुगणे?

मकरपुऱ्याच्या सभासदाचे

आकडा सापडला, म्हणजे तुमचा निम्मा शब्दकोश तयार झाला. ६२०४ मधल्या शेवटच्या ०४ ला ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास येतो, म्हणजे २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४. त्याच न्यायाने ६२०५ चे भोक २५ चे. ही गुणाकाराची युक्ती ०४ पासून पुढेच चालते. ६२०३ चे भोक १७ चे असते, १५ चे नव्हे, आणि येथे पुष्कळ जण फसतात. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. कुंभारकामात पाणी आणि पातळ माती सारखी खाली झिरपत असते, तेव्हा बदली बेअरिंग घेताना टूआरएस मागावे. त्याला दोन्ही बाजूंनी रबराचे सील असते. दुकानात 'चाकडो' हा शब्द उच्चारण्याची गरजच नाही. केवळ आकडा सांगावा.

पट्ट्याचे गणित वेगळे आहे. सामान्य ए जातीच्या पट्ट्यावरचा आकडा आतल्या बाजूची लांबी इंचांत सांगतो. पट्ट्याची जाडी ८ मिलिमीटर असल्यामुळे बाहेरून मोजलेली लांबी आतल्यापेक्षा सुमारे २ इंचांनी जास्त भरते. तुमची सुतळी ५२ इंच भरली, म्हणून ए-५० मागावा. मात्र आधी पट्ट्याची रुंदी त्याच्या बाहेरच्या, रुंद बाजूवर मोजा. ती १३ मिलिमीटर असली तरच तो ए जातीचा, १७ असली तर बी.

आता डगमगणे. होडी डगमगते, खुर्ची डुगडुगते आणि भीतीने पाय लटपटतात. फिरणाऱ्या चाकाची कड वरखाली होते त्याला सायकलवाले 'चाकाला आऊट आहे' असे म्हणतात आणि तो सरळ करण्याला 'आऊट काढणे'. कोशात हा शब्द असो वा नसो, याहून नेमका दुसरा नाही. वहीत तोच लिहावा. माथा हातात धरून आडवा हलवल्यावर तो हलत असेल तर तो आऊट नव्हे, तो शाफ्टचा 'प्ले'. दोन्ही वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे: आऊट असेल तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा माथा तिरका बसला आहे, प्ले असेल तर बेअरिंग गेले आहे किंवा त्याचे घर सैल झाले आहे.

भाषाशिक्षिकेचे

'घर' हा शब्द येथे किती सहज आला! बेअरिंग ज्यात बसते ते त्याचे घर; बटणाचे जसे काज. हा शब्द कोणी घडवला नाही, म्हणून तो टिकला.

मूळ विचारणाऱ्याचे

दोन्ही दुखणी होती. माथ्याखालच्या तीन बोल्टांपैकी एकाचे आटे गेले होते, म्हणून माथा तिरका बसत होता; तो बोल्ट बदलला आणि आऊट जवळजवळ नाहीसा झाला. (आटे हा शब्द मी लेथवाल्यापुढे उच्चारला तेव्हा त्याने 'आंटा' असे म्हटले, आणि आम्ही दोघेही एकच गोष्ट बोलत होतो.) नवे ६२०४ टूआरएस मात्र जुन्या जागी हाताने ढकलताच आत गेले, आणि त्यावरूनच कळले की सैल झाले आहे ते घर. वडिलांनी जाड पाइपाचा तुकडा कातून ते घर केले होते. खरखर सुरू झाल्यावरही आम्ही चाक चालवत राहिलो, त्यामुळे बेअरिंगची बाहेरची रिंग त्यात फिरत राहिली आणि तिने पाइप आतून खाल्ला. नुसते बेअरिंग बदलून भागले नसते.

लेथवाल्याने पाइप आतून थोडा मोठा कातला, त्यात लोखंडी बुश, म्हणजे नळीसारखे कडे, ठोकून बसवला आणि तो पुन्हा ४७ च्या मापाला आणला. या कामाला तो 'घर भरवुं' म्हणतो. वहीत मी ते 'घर भरणे' असेच लिहिले आहे आणि शेजारी वडिलांच्या आकृतीत बुश लाल शाईने दाखवला आहे. त्याच्या पावतीवर मजकूर आहे: 'चाकडानुं घर भर्युं, नंग १.' वडिलांनी ती पावती चष्मा लावून दोनदा वाचली आणि नंगवरचा अनुस्वार खोडून मग वहीत चिकटवली.